सव्वानऊचं उत्तर

विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळेत ते एकवीस वर्षं सहायक होते. मुलं त्यांना बाटलीकाका म्हणत, कारण त्यांच्या दोन्ही हातांत कायम बाटल्या असायच्या. शिकवायचं काम बाईंचं. द्रावणं तयार करणं, काचसामान मोजून देणं, सांडलेलं पुसणं हे काकांचं. पण नजर मोठी चौकस. कोण घाबरतं, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, हे बाईंपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक.

त्या वर्षी विद्यापीठानं पहिल्या वर्षाचे ए, बी, सी काढून टाकले. गुणपत्रिकेवर नुसतं पास किंवा नापास. बाईंनी कपाळाला हात लावला. "आता कोण कशाला मरमर करील?"

काकांचं कुतूहल चाळवलं. ते नुसते बघत राहिले.

पहिल्याच महिन्यात बाईंचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. टायट्रेशनच्या, म्हणजे अ‍ॅसिडात थेंबाथेंबानं अल्कली सोडून मोजायच्या, तासाला मागच्या बाकावरची दोन मुलं अर्ध्या तासात वही टेकवून पसार होऊ लागली. फुटलेल्या नळ्यांची टोपली लवकर भरायला लागली. आणि एक मुलगी मात्र तास संपला तरी हलेना. सारखं "असं का?" विचारायची, म्हणून वर्गानं तिचं नाव प्रश्नपेटी ठेवलं होतं.

एका दुपारी ती एकटीच उरली. समोरच्या चंबूत गुलाबी रंग नुकताच उमटला होता.

"काका, तिसऱ्यांदा केलं. सव्वानऊ मिलीच येतंय. माझं काय चुकतंय?"

"दहा यायला पाहिजे," काका म्हणाले. "दहा लिही आणि घरी जा पोरी. सगळे दहाच लिहितात."

"पण मला नुसतं पासच व्हायचंय ना? मग दहा कशाला लिहू?"

काकांनी चंबू उजेडात धरला. त्यांना वेगळाच प्रश्न पडला. या प्रयोगातला अल्कलीचा डबा कंपनीकडून तयार येई, पण अ‍ॅसिड ते स्वतः वजन करून बनवत. पोरीचा हात तर चांगला स्थिर होता. मग?

ती गेल्यावर त्यांनी स्वतः मापाची नळी, ब्युरेट, भरली. सव्वानऊ. पुन्हा केलं. सव्वानऊच. मग आतल्या खोलीतल्या वजनकाट्याकडे गेले आणि त्यावर पन्नास ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं. काट्यानं दाखवलं चोपन्न.

काकांनी वजन उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा चोपन्न. म्हणजे ते शंभर ग्रॅम समजून घालत होते ते जेमतेम त्र्याण्णव होतं, म्हणून अल्कलीही कमी लागत होती. काटा शेवटचा तपासला कधी? नोंदवही उघडली. सहा वर्षं झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सहा वर्षं, प्रत्येक वर्षी ऐंशी मुलं, आणि प्रत्येक वहीत दहा!

संध्याकाळी घरी लेक भाज्या चिरत बसली होती. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला ती याच प्रयोगशाळेत शिकून ए घेऊन बाहेर पडली होती. काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं टायट्रेशनचं उत्तर काय आलं होतं गं?"

सुरी थांबली. "खरं सांगू? नऊ पॉइंट काहीतरी."

"आणि लिहिलंस?"

"दहा. मोठ्या मुलांनी सांगून ठेवलं होतं, दहाच येतं म्हणून."

"अगं, मग मला एका शब्दानं सांगायचं नाहीस? घरात तर होतो मी."

"तुमचं चुकलंय असं वाटलंच नाही, बाबा. मला वाटलं माझाच हात वाईट. आणि तेव्हा एक बी आला असता तर माझं मोठ्या शहरातल्या कॉलेजातलं अ‍ॅडमिशन गेलं असतं. विचार करायला वेळ कुणाला होता?"

काकांना राग आला नाही. लेक सहा-सहा तास अभ्यास करायची, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या ए अक्षरात तिची मेहनतही होती आणि ही भीतीही. दोन्ही एका ताटात कशा बसल्या असतील, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना काटा दाखवला. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाले. बाईंनी वजन स्वतः ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमची कसली? सहा वर्षं वह्या तपासल्या मी. दहा दिसलं की बरोबरची खूण करत गेले."

काटा दुरुस्तीला गेला. सत्र संपता संपता शिक्षकांची बैठक बसली: ही पद्धत ठेवायची की मोडायची? बाईंच्या सांगण्यावरून काकांनाही बोलावलं. ते आयुष्यात पहिल्यांदा त्या लांब टेबलाशी बसले, खुर्चीच्या अगदी कडेला.

"मुलं सैल झाली की नाही, एवढंच सांगा," एक सर म्हणाले.

"काही झाली," काका म्हणाले. "मागच्या बाकावरच्या दोघांना मी विचारलं, लवकर सुटून जाता कुठे? एक म्हणाला, झोपतो. दुसरा शेजारच्या इमारतीत जाऊन दगडांच्या, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या, वर्गात बसतो, म्हणे आवडतं. अक्षरं असती तर हिंमत झाली नसती. आता दोघांनाही एकाच काठीनं हाकायचं का, ते तुम्ही ठरवा."

टेबलाशी हशा पिकला, पण पुढचा तासभर वाद त्यावरच झाला. शेवटी पद्धत आणखी दोन वर्षं ठेवायचं ठरलं. अट एकच: वहीत आलेले तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहायचे, आणि बाई उत्तराआधी ते आकडे बघणार.

प्रश्नपेटी पास झाली. पुढच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र ग्रेडचा रकाना होता आणि तिच्याकडे भरायला अक्षरच नव्हतं. बाईंनी दोन पानी पत्र लिहून जोडलं. संस्थेनं आधी ते परत पाठवलं, महिन्याभरानं पुन्हा मागवून घेतलं. निकाल अजून आलेला नाही.

झोपणारा मुलगा नापास झाला. परवा फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन आला, तेव्हा काकांनी त्याला स्टूल दिलं आणि विचारलं, "रागवत नाही रे, पण सांग, तुला झोप नेमकी कुठल्या प्रयोगाला यायची?"