एदेलमिराबाईंची शांत मुलं

एदेलमिराबाईंच्या पाळणाघरातली मुलं रडत नाहीत, ही बार्रांकिया शहरातल्या आमच्या गल्लीची शान होती. बाईंनी घराच्या पुढच्या खोलीतच पाळणाघर मांडलेलं. मुलांच्या आया दिवसभर लोकांच्या घरी धुण्याभांड्याला जायच्या, आणि संध्याकाळी मुलं भिंतीला टेकून ओळीने गप्प बसलेली सापडायची. मी समोरच मक्याच्या पिठाच्या अरेपा तळून विकते. दिवसभर त्या घरातून भांड्यांचाच काय तो आवाज. ‘बाईंच्या हाताला गुण आहे’ म्हणत आम्ही त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि त्याही खुशाल चढल्या.

बाई स्वतः मावशीकडे वाढल्या. आई कामासाठी परदेशात, काराकासला गेली, ती परत फिरकलीच नाही. लहानगी एदेलमिरा रोज बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची, असं माझी आई सांगायची.

यंदा मातृदिनाला गल्लीत टेबलं मांडून नारळाचा भात केला होता. शेजारच्या मारेल्विसची तीन वर्षांची लेक युरानिस बाईंच्याच पाळणाघरात जायची; ती तिथेच पाळणाघर-पाळणाघर खेळायला लागली. बारक्यांना भिंतीशी बसवलं, ओठांवर बोट ठेवलं. एक पोर मुसमुसायला लागलं, तशी ती हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाली, “रड, रड. आज तुझी आई येणारच नाही. मीच सांगितलंय तिला, नेऊ नको म्हणून.”

पोर चिडीचूप झालं.

आधी आम्ही हसलो. मग मारेल्विसचं हसू विरलं आणि एकेकीने बाईंकडे पाहिलं. त्यांची मान वर होईना. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या शांततेचं कौतुक करण्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

पोरं काय, काहीही बोलतात, असं म्हणत एकीने सावरून घेतलं. बाईंनी नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. ताट खाली ठेवून युरानिससमोर जमिनीवरच बसल्या.

“युरा, मी खोटं सांगायचे. आई येते.”

“रडलं तरी?”

“रडलं तरी येते गं.”

युरानिसने मारेल्विसकडे पाहून खात्री करून घेतली. मग तिने जो टाहो फोडला, तो कितीतरी दिवसांचा साठलेला होता. बाईंनी तिला घ्यायला हात पुढे केले. पोर अंग चोरून मागे सरली आणि आईकडे धावली.