शब्दाचं तोंड खाणारा लॅपटॉप

"सर, हा लॅपटॉप शब्दाचं तोंड खातोय," महादेवी मॅडम म्हणाल्या.

मी नुकताच 'सगळं ओके' म्हणून मोकळा झालो होतो. सात रस्ता चौकाजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं हाच धंदा. त्यामुळे गिऱ्हाइकाने चूक काढली की मला आधी राग येतो, मग ऐकू येतं.

मॅडम ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. वर्गात त्यांच्या एका कानात हेडफोन असतो. लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्यांच्या नोट्स कानात सांगत जातो आणि त्या शिकवतात. जुन्या विंडोजला अपडेट येईनासे झाले, नवी त्या मशीनवर चढेना. म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. सोमवारी कॉलेज उघडणार होतं आणि शनिवारी त्या वडिलांना घेऊन मंद्रूप गावाहून माझ्याकडे आल्या होत्या. मशीन बिघडलं तर सोमवारी वर्गात त्या काय शिकवणार, हा प्रश्न होता.

लिनक्स टाकण्याआधी ते मशीनला मानवतंय का, हे बघावं लागतं. त्यासाठी ते पेनड्राइव्हवरूनच चालवतात. आतल्या हार्डडिस्कला हात लागत नाही. पटलं तर टाकायचं, नाहीतर पेनड्राइव्ह काढला की जुनं जसंच्या तसं. मी वाय-फाय बघितलं, टचपॅड, कॅमेरा बघितला, झाकण मिटून उघडलं. आवाजासाठी एक गाणं लावलं.

"गाणं तर खणखणीत वाजलं की," मी म्हणालो.

"गाणं सलग वाजतं, सर. माझं तसं नाही. मी एक ओळ ऐकते, मुलांशी बोलते, मग पुढची ओळ. तेवढ्यात हा झोपतोय. दाखवू?"

त्यांनी स्क्रीन रीडर सुरू केला, एक बटण चार-पाच वेळा दाबलं आणि पडदा काळा झाला. मी दचकलो. डिस्प्ले गेला!

"न्हाय वो मालक," त्यांचे वडील म्हणाले. "उजेड बंद केला तिनं. तिला काय करायचाय? नुसती बॅटरी खातंय."

मग मॅडमनी वाचनाचा वेग वाढवला. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज यायला लागला. मला एक शब्द कळेना. त्या मात्र काळ्या पडद्यावर फाइल उघडत होत्या, पान बदलत होत्या, मधेच एका ओळीवर हसल्यासुद्धा. माझे दोन डोळे शाबूत आहेत, समोर दोन मॉनिटर असतात, पण या वेगाने मी आयुष्यात काम केलेलं नाही. मी स्टूल ओढून बसलोच.

"लई भराभरा बोलतंय न्हवं?" वडील म्हणाले. "मला बी काय कळत न्हाय. आमी तर..."

"आप्पा, सुम्मनिर्री!" मॅडमनी हात वर केला. त्यांच्या घरात मराठीच्या जोडीला कानडी चालतं. गप्प राहा, असं सांगितलं होतं. आप्पा गप्प झाले. मीही पंखा बंद केला.

काही सेकंद गेले.

"टक् झालं. झोपला," त्या म्हणाल्या. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. ओळ आली, पण पहिला शब्द गायब.

असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा मी कीबोर्डला कान लावला तेव्हा कुठे ते बारीक 'टक्' ऐकू आलं. बाहेर सात रस्त्याचे हॉर्न चालू होते आणि ही बाई खुर्चीत ताठ बसून ते 'टक्' ऐकत होती.

भानगड साधी होती. आवाजाची चिप बॅटरी वाचवायला, थोडा वेळ शांतता असली की झोपते. जागी होईपर्यंत पहिला शब्द निघून जातो. एका सेटिंगने ही सवय मोडता येते. मी पडदा उजळला, सेटिंग बदललं. मॅडम पुन्हा थांबल्या, बटण दाबलं. ओळ पहिल्या अक्षरापासून आली.

"आता टाकू?" मी विचारलं.

"पेनड्राइव्ह काढल्यावर हे टिकेल का?"

टिकणार नव्हतं. पेनड्राइव्हवरचा बदल रीस्टार्टबरोबर पुसला जातो. मला हे पाठ आहे, आणि मीच विसरलो होतो. मग नोट्सची कॉपी घेतली, लिनक्स टाकलं, तेच सेटिंग आत कायमचं लिहिलं आणि लॅपटॉप बंद करून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चालू केला. पासवर्ड मागतानाच तो बोलला. सोमवारच्या तासाची फाइल उघडून त्यांनी हेडफोन कानात घातला आणि माझ्या दुकानात उभ्या राहून शिकवायला सुरुवात केली. मधेच थांबून आप्पांना बसची वेळ विचारली, ती ऐकली आणि पुढचं वाक्य न अडखळता उचललं. चार्जर घ्यायला आलेला माणूस चार्जर विसरून ऐकत राहिला.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली आहे. पेनड्राइव्ह लावायचा, लॅपटॉप गिऱ्हाइकाकडे फिरवायचा, त्यालाच वापरून बघू द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं मला अजून जमत नाही.