गुंडोरावांचा पास

बायको कुंभकोणमला माहेरी जाऊन दोन महिने राहिली तरी गुंडोरावांचे काही बिघडत नसे. पण रविवारी वेंकोबाला क्लबात यायला अर्धा तास उशीर झाला, की ते मद्रासजवळच्या तांबरम स्टेशनच्या पुलापर्यंत तीनदा जाऊन येत. दोघे रेल्वेच्या एकाच कचेरीत हेडक्लार्क, दोघांची घराणी तंजावरची, आणि बारा वर्षे दोघे ब्रिजच्या टेबलावर जोडीदार म्हणून समोरासमोर बसत आलेले. गुंडोरावांच्या बायकोचे, सईबाईंचे, म्हणणे असे, की माझ्याशी लग्न केले ते पत्रिका पाहून, वेंकोबाशी केले ते मनापासून. हे खोटे आहे असे गुंडोरावांना छातीठोकपणे म्हणता येत नसे.

क्लबात त्यांचे नाव होते ते उत्तरासाठी. ब्रिजमध्ये पहिली बोली लावणाऱ्याने फक्त आपली तेरा पाने पाहिलेली असतात. समोरच्या जोडीदाराकडे काय आहे ते त्याला कळायचे, ते जोडीदाराच्या उत्तरावरून. मुलीकडच्यांनी स्थळाला पत्र धाडावे तसे हे नाजूक काम. फार उतावीळपणा केला तर हसे होते, आणि हात राखून लिहिले तर चांगले स्थळ हातचे जाते. गुंडोराव एकदाच मोजत, एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, आणि जेवढे असेल तेवढेच बोलत. "गुंडोचं उत्तर म्हणजे कोर्टाचा कागद," असे वेंकोबा चारचौघांत म्हणे. त्या वाक्यावर गुंडोराव आठवडा काढत.

अठ्ठावन्न साली पुण्याहून रविकांत बदलून आला. वय तिशीचे, मराठी छापील पुस्तकातले, आणि ब्रिज मात्र खरोखरच चांगला. पहिल्या रविवारी वेंकोबा म्हणाला, "पाहुणा आहे रे, एक डाव बसू दे त्याला." गुंडोराव मोठ्या मनाने उठले. तिसऱ्या रविवारी मोठे मन वगैरे काही उरले नव्हते, आणि तरी ते बाकावरच होते. बारा वर्षांत टेबलावर कधी न हसलेला वेंकोबा आता हसायला लागला होता. पाठ फिरवून बसले तरी तो हशा गुंडोरावांच्या कानात शिरायचा. तेरा गुण हवेत तिथे अकरावर बोली लावणारा हा उथळ पोरगा, त्यात हसण्यासारखे काय आहे, असे ते घरी सईबाईंना विचारत. सईबाई सांबाराला फोडणी देत आणि उत्तर देत नसत. जळत होते ते चुलीवर नव्हते, हे त्यांना कळत होते.

पोंगलनंतर मद्रासमधल्या कचेऱ्यांचे सामने होते. वेंकोबाची जागा पक्की होती. त्याच्यासमोर कोण बसणार, ते ठरवायला सेक्रेटरी राममूर्तींनी चाचणी लावली. क्लबाचा रिवाज असा, की चाचणीत प्रत्येकाने प्रत्येकाचा जोडीदार होऊन खेळायचे. शेवटच्या फेरीपर्यंत गुंडोराव आणि रविकांत बरोबरीत आले, आणि नेमके ह्याच फेरीत एकमेकांचे जोडीदार झाले. विरुद्ध जोडीत वेंकोबा आणि क्लबातलाच वादिराज. दोघांचे गुण सारखेच वाढणार किंवा घटणार, मग निवड कोण कसे खेळले ह्यावर, असे राममूर्ती म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

रविकांतने पाने लावली आणि म्हणाला, "एक बदाम."

वेंकोबा पास.

गुंडोरावांनी आपला हात पाहिला. बदामाचा राजा, राणी आणि दोन पाने. इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का, चौकटचे एकच पान. तेरा गुण आणि हुकमाची चार पाने. ह्याला उत्तर एकच, ते त्यांनी झोपेतही दिले असते. तीन बदाम. मग रविकांत चार म्हणणार, दहा हात करणार, आणि वेंकोबा त्याच्याकडे बघून हसणार.

पास म्हटले तर? डाव एकावर अडकेल, मोठे गुण जातील. आपण म्हणू, ह्याची बोली पोकळ असते, भरवसा कसा ठेवायचा? गुंडोरावांच्या उत्तराला आजवर कोणी बोट लावले नव्हते, तेव्हा दोष बोलीवरच जाईल. आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात तो प्रकार. पण मत्सर चढला की माणसाला आपले नाक स्वस्त वाटते.

"पास," गुंडोराव म्हणाले.

वादिराजही पास. वेंकोबाने पहिले पान टाकले, आणि मग गुंडोरावांना आठवले. बोली रविकांतची, म्हणजे ते डमी. डमीने आपली तेराही पाने टेबलावर उघडी मांडायची. हे पोरासोरांना ठाऊक असते. बारा वर्षांत शेकडो वेळा त्यांनी ती मांडली होती, आणि जळफळाटात आज तेवढेच विसरले होते.

त्यांनी मांडली. राजा, राणी, मग एक्का, मग दुसरा एक्का.

"थँक यू, पार्टनर," रविकांत म्हणाला. रीत असते म्हणून म्हणाला, आणि खाली मान घालून अकरा हात केले.

"गुंडोराव, ह्या पानांवर तुम्ही पास म्हणालात?" राममूर्तींनी विचारले.

पोकळ बोलीचे ते वाक्य घशाशी आले. पण वेंकोबा त्यांच्याकडे बघत होता. रागाने नव्हे. त्याला सगळे कळले होते, आणि ते सोसवत नव्हते.

"सांगायला लाज वाटते गुंडोला," वेंकोबा म्हणाला. "नजर गेली त्याची. इंग्रजी ए आणि चारचा आकडा त्याला एकच दिसतो. दोन्ही एक्के चव्व्या समजला तो. डोळ्यांवरची कण्णाडी बदल म्हणून मी किती महिने सांगतो. होय की नाही, गुंडो?"

एक्के नसते तर उरले पाचच गुण, आणि पाच गुणांवर पास अगदी चुकीचा म्हणता येत नव्हता. राममूर्तींची मान आपोआप हलली. सगळे गुंडोरावांकडे बघत राहिले. नाही म्हणायचे तर खरे काय ते सांगावे लागणार होते. आणि होय म्हणायचे तर एक्का न ओळखणाऱ्याला सामन्याला कोण नेणार?

"होय," गुंडोराव म्हणाले.

राममूर्तींनी कागदावर वेंकोबाच्या नावापुढे रविकांतचे नाव लिहिले. चष्म्याचा डॉक्टर एग्मोरला चांगला आहे, असे वादिराज म्हणाला. वेंकोबा छत्री घेऊन, मागे न बघता बाहेर पडला.

गुंडोराव उठले. दारापाशी रविकांत थांबला होता. त्याने त्यांचा दंड धरला.

"सांभाळून, काका," तो म्हणाला. "इथे दोन पायऱ्या आहेत."

त्या पायऱ्या गुंडोराव बारा वर्षे चढत-उतरत होते. बाहेर चांगले ऊन होते आणि पुलावर पोचलेला वेंकोबा त्यांना स्वच्छ दिसत होता. त्यांनी चाचपडत एक पाऊल खाली टाकले.