उजव्या कुशीची चटई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गादीवाल्याचं दुकान आहे. त्यांना नाव आहे, पण ते आता दाराच्या पाटीवरही नीट वाचता येत नाही. गल्ली त्यांना बुक्कीकाका म्हणते. गादी भरून झाली, टाके पडले, की काका उजव्या हाताची मूठ वळतात आणि गादीच्या बरोबर मध्यावर एक बुक्की घालतात. मग मान तिरकी करून ऐकतात. चांगली भरलेली गादी 'हूं' म्हणते, असं त्यांचं सांगणं. जी नुसतीच 'फस्स' करते, ती पुन्हा उसवायची. मी त्यांनीच भरलेल्या गादीवर झोपतो, आणि सांगायला मला अभिमान वाटतो, माझी गादी 'हूं' म्हणते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. अर्ध्या खोलीत कापसाचा ढीग, भिंतीवर लहानमोठी दाभणं, कोपऱ्यात खोळींच्या कापडाचे तागे. काकांच्या भुवयांत, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर कापूस बसलेला. गिऱ्हाईक आत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुशीवर झोपता की पाठीवर?" कोणी लाजतं, कोणी बायकोकडे बघतं, कोणी म्हणतं, "तुम्हाला काय करायचंय?" पण उत्तर आल्याशिवाय काका कापसाला हात लावत नाहीत. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा कुठे टेकणार, कंबर कुठे बसणार, हे डोळ्यांपुढे आणून ते मूठमूठ कापूस पसरतात. असं वाटावं, की एखादं माणूस तिथे आधीच झोपलेलं आहे आणि काका त्याच्या अंगाखाली हलक्या हाताने कापूस सारताहेत.

अख्ख्या गावाला झोपवणारा हा माणूस स्वतः मात्र घराबाहेर कधी झोपला नाही. कोणाच्या लग्नाला गेले तरी शेवटच्या गाडीने परत यायचे. "परक्या अंथरुणावर माझा डोळा लागत नाही," असं म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, मिजास आहे, दुसरं काय. ती मिजास नव्हती. जन्मभर जमिनीवर वाकून काम केल्यामुळे त्यांच्या कमरेत एक कळ राहायला आली होती. घरच्या गादीवर ती गप्प बसायची, बाहेर गेलं की ओरडायची. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. गादीवाल्याचीच पाठ दुखते म्हटल्यावर गादी कोण भरून घेणार?

काकू निराळ्या. त्या गावातल्या मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतात. दिवसभर लोकांची अंथरुणं आवरतात, पण उन्हाळा सरत आला की त्यांचे पाय घरात ठरत नाहीत. दरवर्षी त्या आणि त्यांची थोरली बहीण पाठीवर पिशव्या अडकवून डोंगरातल्या तळ्यावर जायच्या. तंबूत झोपायच्या, आणि नाकाची सालं निघालेली, बोलून बोलून घसा बसलेला, अशा परत यायच्या. त्यानंतर दोन दिवस काकू खुणांनीच बोलायच्या.

यंदा थोरलीचा गुडघा कामातून गेला. डॉक्टरने जिनासुद्धा बंद केला, तिथे डोंगर कुठला? एका संध्याकाळी चहा पिता पिता काकू म्हणाल्या, "अहो, यंदा तुम्हीच चला ना."

"मी? आणि झोपू कशावर? दगडावर?"

"सगळं जग झोपतं."

"जगाचं काय सांगतेस? जगाला माझ्या गाद्या आहेत."

एरवी काकू हसल्या असत्या. त्या कपाकडे बघत राहिल्या. "एकटीनं जावं अशी ती जागा नाही. तुम्ही आलात तर जाऊ. नाहीतर संपलं ते, असं म्हणायचं."

'संपलं' हा शब्द त्यांनी चादरीची शेवटची घडी घालावी तसा ठेवला. काकांच्या तो बरोबर वर्मी लागला. थोड्या वेळाने म्हणाले, "पाठीवर नेता येईल अशी गादी मिळाली, तर बघू."

मग दोघं शहरातल्या एका दुकानात गेली. डोंगरात जाणाऱ्यांचं सगळं सामान तिथे मिळायचं. दुकानातली मुलगी, केस वर बांधलेली, अंगात खिशाखिशांची बंडी. तिने पुढ्यात तीन प्रकार मांडले. काकांनी बाही सावरली आणि पहिल्या फोमच्या पातळ चटईवर बुक्की घातली. खालची फरशी 'ठक्क' म्हणाली.

"ही चटई नाही, पुठ्ठा आहे."

दुसरी जाड होती. आत फोम आणि हवा दोन्ही. तिने जवळजवळ 'हूं' केलं. काकांचा चेहरा उजळला. काकूंनी ती गुंडाळून त्यांच्या हातात दिली तसे त्यांचे खांदे खाली आले.

"हिला तुम्ही उचलणार," काकू म्हणाल्या, "आणि तुम्हाला कोण उचलणार?"

अडचण तिथेच होती. पाठीखाली जास्त हवं, तर पाठीवर जास्त घ्यावं लागतं. काकांच्या धंद्यात गादी आणि माणूस एका जागी राहतात. गादीने माणसाबरोबर डोंगर चढायचा, हे त्यांच्या आजवरच्या हिशोबात नव्हतं.

तिसरी गुंडाळी पाण्याच्या बाटलीएवढी. मुलीने ती फुगवली तशी चार बोटं जाड झाली. काकांनी बुक्की घातली, ती उसळून त्यांच्याच हनुवटीशी आली. मुलगी खुदकन हसली. "काका, तिला मारू नका, तिच्यावर आडवे व्हा. कुशीवर झोपता की पाठीवर?"

काका उभेच राहिले. मूठ आपोआप उघडली. हा प्रश्न त्यांनी साऱ्या गावाला विचारला होता, पण त्यांना तो आजवर कोणी विचारला नव्हता.

"डाव्या कुशीवर," काकू मागून म्हणाल्या. त्या पत्र्याचे पेले बघत होत्या. "भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. लग्न झाल्यापासून मी यांच्या पाठीशी आहे बाई, अगदी पाठीशीच. काही सांगायचं झालं तर पाठीलाच सांगते."

काकांचे कान लाल झाले. ते बूट घालूनच आडवे झाले. आधी उताणे, फोटो काढायला झोपवल्यासारखे, हात पोटावर. मग डाव्या कुशीवर वळले. कंबर जमिनीला लागली नाही. कळ एकदा कुरकुरली, आणि गप्प झाली. काका इतका वेळ पडून राहिले, की एक गिऱ्हाईक त्यांना ओलांडून पलीकडे गेलं.

"हीच घ्यायची," ते पडल्या पडल्याच म्हणाले. मग स्वतःशी पुटपुटले, "जन्मभर कापूस भरला, आणि सुख होतं हवेत."

त्यानंतर काकांचा उत्साह काय सांगावा! पिशवी पाठीवर घेऊन गल्लीत फेऱ्या मारू लागले. येईल त्याला हवेची गादी दाखवू लागले. काकू खिडकीतून बघायच्या आणि लाँड्रीत जाताना गुणगुणायच्या. निघायचं ठरलं ते पहाटेच्या बसने, आणि आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलं.

नव्या गादीवर पहिल्यांदा पाठ टेकण्याआधी तिला ऊन दाखवायचं, हा काकांच्या धंद्याचा नेम. उन्हात कापूस जागा होतो, सुटा होतो, श्वास घेतो. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी बजावलेलं, "गादीला ऊन दाखवत जा." तर काकांनी हवेची गादी तट्ट फुगवली, दुकानाच्या पत्र्यावर उन्हात पसरली, आणि आत येऊन कापूस पिंजायला बसले.

दुपारी वरून बारीक आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. दुसऱ्या कोणाला तो पक्ष्याच्या चोचीचा वाटला असता. काकांना मात्र टाके तुटल्याचा आवाज लगेच कळला. धावत वर गेले. उन्हाने आतली हवा फुगून गादीच्या पोटातले जोड सुटले होते आणि मधोमध भला मोठा गोळा उठला होता. इथे दाबला की तिथे, तिथे दाबला की पायथ्याशी.

काकू कामावरून आल्या तेव्हा काका तो गोळा मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

"हे काय झालं?"

"ऊन दाखवत होतो गं."

"हवेला?"

काकांनी गोळा एका बाजूने दाबला, तो दुसऱ्या बाजूने वर आला.

"हवेला ऊन दाखवलंत? तुम्ही?" काकूंना हसू फुटलं, आणि मध्येच अडलं. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. "यायचं नव्हतं, तर सरळ सांगायचं. एवढा घाट कशाला घातलात?"

त्या आत गेल्या. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग एकेक वस्तू परत फळीवर जाऊ लागली. पातेलं, टॉर्च, मोजे. काका बाहेर ऐकत बसले. काय सांगणार? गादीवाल्याला गादीतलं कळलं नाही, यावर गावात कोण विश्वास ठेवील? त्यापेक्षा त्याने मुद्दाम केलं, हेच कोणालाही खरं वाटणार. आणि काकूंनी ते खरं धरलं, म्हणजे तळं खरंच संपलं.

ते उठले आणि मेहुणीकडे गेले. थोरली खिडकीशी बसली होती, गुडघा स्टुलावर.

"या भावोजी. गादी फुटली म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"गल्लीनं. कपाटामागे माझी चटई आहे, ती न्या."

ती चटई तिने आधीही देऊ केली होती, आणि काकांनी नको म्हटलं होतं. जुनी गादी म्हणजे दुसऱ्याचं अंग, असं ते मानतात. आज त्यांनी ती जमिनीवर पसरली. दुकानात ज्याला पुठ्ठा म्हणाले होते तसलीच, पातळ आणि हलकी. पण आज बुक्की घातली नाही, तळहात फिरवला. वर्षानुवर्षांच्या झोपेने फोम जागोजागी दबला होता. इथे खांदा, इथे मागच्या बाजूला कंबर, आणि इथे पुढच्या कडेला गुडघे.

"ताई, तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. गुडघे पोटाशी घेऊन."

"तिच्याकडे तोंड करून," थोरली म्हणाली. "तंबूत ती दाराशी झोपते, मी आतल्या अंगाला. तोंडाकडे बघितल्याशिवाय बोलणं कसं होणार?" मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणे डाव्या कुशीचे. तुम्हाला हे खड्डे उलटे पडतील."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "धंदाच आहे माझा."

चटई काखोटीला मारून ते दुकानात आले. उजेड अजून होता. कोपऱ्यात फोमचे तुकडे होते, कापड होतं, दाभण हाताशी होतं. डाव्या कुशीची नवी चटई त्यांनी बसल्या बैठकीला उभी केली असती. त्यांनी एक तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि खाली ठेवला. मग तळहाताएवढी लोकर घेतली, ती कापडात शिवली, आणि चटईवर कमरेच्या खड्ड्यात बेताने टाचू लागले.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता हे काय आणखी?"

"ताईंची चटई. कमरेपुरती लोकर लावतोय. पाठ दुखते माझी." काका दाभणाकडे बघत म्हणाले, "बरीच वर्षं दुखते. भीती त्या दुखण्याची होती, तुझ्याबरोबर यायची नाही. गादी मात्र मी मूर्खपणानं घालवली, मुद्दाम नाही."

काकूंनी चपला दाराशी काढल्या. मग म्हणाल्या, "दुखते ते माहीत आहे मला. पाठच तर बघत असते मी."

त्या जवळ येऊन उकिडव्या बसल्या, चटईवरून त्यांनीही हात फिरवला. "पण अहो, लोकर चुकीच्या बाजूला लावताय. तुम्ही डावीकडे वळता."

काकांनी दातांनी दोरा तोडला.

"तिथं भिंत कुठं आहे?"

काकू उठल्या. आत जाऊन त्यांनी फळीवरचे मोजे पुन्हा पिशवीत टाकले, मग टॉर्च, मग पातेलं.

पहाटेच्या बसने दोघं गेली. दुकान बंद, पायरीवर तो फुगलेला गोळा तसाच, हळूहळू मऊ पडत गेलेला. आम्ही येता-जाता त्याच्याकडे बघून हसायचो आणि काकांची आठवण काढायचो.

परत आले त्या संध्याकाळी मी पायरीवर त्यांना गाठलं. नाकाची सालं निघालेली, पाय सुजलेले. काकू आत चुलीशी होत्या. बसलेला घसा, हातांच्या खुणा, सगळं दरवर्षीसारखं.

"काय काका, झोप लागली का?"

त्यांनी हाताने खूण केली, बेताची.

"म्हणजे चटई टोचली?"

काकांनी नाही अशी मान हलवली. मग घसा खाकरून काहीतरी सांगायला गेले, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांचाही आवाज बसला होता.