तेलाच्या बाटलीचं झाकण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही — आणि माझ्या बनियनला भोक पडलं तरी ते माझ्याआधी माझ्या बायकोला कळतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही, एवढं पुरे आहे.

गोष्ट गवत कापायच्या मशीनची आहे. हसू नका.

निवृत्त झाल्यावर आम्ही पेठेतली जागा सोडून धायरीला फ्लॅट घेतला. जन्मभर गणित शिकवलेला माणूस रिकामा कसा बसणार? मी सोसायटीची बाग अंगावर घेतली. बागेसाठी पेट्रोलवर चालणारं, पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं मशीन होतं. महाहट्टी. चोक ओढा, रबरी फुगा दाबून पेट्रोल वर आणा, दोरीला झटका द्या — फुर्र, आणि गप्प. मला दहा-बारा झटके लागायचे. पण सुरू व्हायचं! माहितीपत्रक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. हे मशीन फक्त सरांनाच सुरू करता येतं, असं सगळे म्हणायचे. मला ते आवडायचं — फार आवडायचं.

मग किसनराव खाली उतरले.

किसनराव मूळचे धायरीचेच. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची. मुलांनी बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले. आज बाग आहे तिथं त्यांचा कांदा असायचा. एका सकाळी ते माझी झटापट बराच वेळ बघत उभे राहिले. मग मशीन हातात घेतलं, दोरी आधी हळूच ओढून कुठं अडते ते पाहिलं — आणि एकच झटका. सुरू! बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. सुमननंही वाजवल्या. वर जेवताना म्हणाली, "अहो, त्यांच्याकडून शिकून का घेत नाही?"

मी ताटावरून उठलो आणि माहितीपत्रक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

पुढं कापायचं काम त्यांच्याकडे गेलं. माझ्याकडे उरलं पेट्रोल आणून त्यात तेल मिसळणं. या मशीनला नुसतं पेट्रोल चालत नाही. जुन्या स्कूटरसारखं मोजून तेल घालावं लागतं, नाहीतर इंजिन आतून घासून जाम होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. तसलीच स्कूटर मी वर्षानुवर्षं स्वारगेटच्या गर्दीतून चालवली आहे.

जळत होतो हो मी. दुसरा शब्द नाही. लोक कुंडीतल्या किडीचंही आता त्यांनाच विचारायचे. कापता कापता ते मध्येच वाकायचे, मूठभर माती उचलून चुरडायचे — चेहऱ्यावर असं सुख, की मला ते बघवायचं नाही. जमीन गेलेला माणूस त्याच जमिनीवर इतका खूश कसा? आणि ज्याचं काहीच गेलं नव्हतं तो मी, असा का?

तर — त्या रविवारी मी कॅन भरला आणि तेलाची बाटली कपाटात परत ठेवली. विसरलो नव्हतो. बाटली हातात घेतली होती, झाकणही काढलं होतं. पुन्हा लावलं.

टाकीत ओतता ओतता किसनरावांनी विचारलं, "सर, तेल टाकलंय न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

एका झटक्यात सुरू झालं. त्यांच्या हातून होणारच. मी बाकावर पेपर उघडून बसलो, एक ओळ वाचली नाही. अर्धं लॉन झालं आणि आवाज चिरकला, बंद पडला. त्यांनी दोरी ओढली. हलेना. ओढतच राहिले, घामाघूम, आणि सगळ्या बाल्कन्या बघत होत्या. मला काय वाटलं त्या वेळी? बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं.

दुरुस्तीला मीच घेऊन गेलो. मेकॅनिक म्हणाला, तेलच नव्हतं. सोसायटीत येऊन मी सांगितलं — फार ताणल्यामुळे इंजिन गेलं.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "किसनराव, शेतावरचा पंप आणि हे मशीन, यात किंचित फरक असतो." लोक हसले. मी चष्मा पुसत राहिलो. आता ते तेलाचं नाव काढतील, माझ्याकडे बोट दाखवतील... पण ते एवढंच म्हणाले, "माझ्याच हातनं कायतरी झालं आसंल." खिशातून बागेच्या खोलीची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. नंतर बागेत उतरले नाहीत. त्यांना कळलं होतं का? तेल मिसळलं की पेट्रोलला रंग येतो, हे त्यांनी पाहिलं नसेल? न केलेली चूक त्यांनी चारचौघांत अंगावर घेतली — आणि मला त्याचाही हेवा वाटला.

आता बॅटरीवरचं मशीन आलंय. बटण दाबलं की सुरू, कुणालाही जमतं. बाग छान राखली म्हणून सोसायटीनं मला शाल आणि श्रीफळ दिलं. किसनराव शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

परवा ते काठी टेकत बागेच्या कडेपर्यंत आले. मी मशीन थांबवलं. त्यांनी चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि विचारलं, "सर, जरा आत येऊ का?"

त्यांच्याच कांद्याच्या वावरात.

मी "या ना" म्हणालो, आणि ते पुढं काही बोलायच्या आत बटण दाबलं.