आतोबांचे खण

सृष्टी निर्माण झाली त्या दिवशी आमचे आतोबा तिथे हजर असते, तर झाशीचे डास असे सगळ्यांच्या वाट्याला आले नसते. 'ज्यांची झोप जास्त झाली आहे' असा एक खण करून आतोबांनी ते त्यात नीट लावून ठेवले असते, आणि ज्याला हवे त्याने तिथून नेले असते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. महाराष्ट्रातल्या आमच्या नातलगांना हा शब्द जुनाट वाटतो आणि 'काका' म्हटलं तर काय बिघडेल असं ते विचारतात. पण काका पुष्कळ असतात. आतोबा आम्हाला एकच आहेत.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपालडब्यात काढली. धावत्या गाडीत उभं राहायचं, समोर भिंतभर लाकडी खण, आणि हातातलं पत्र डोळ्यांनी पत्ता वाचून होईपर्यंत आपल्या खणात पडलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर हात थांबेनात. एकदा मी आजारी असताना ते आत्याबरोबर आमच्याकडे आले आणि त्यांनी माझं स्वयंपाकघर लावून दिलं. त्यानंतर चार दिवस आम्हाला मीठ सापडलं नाही. अखेर फोन केला, तर म्हणाले, "अगं, मीठ कुणाला आठवतं? ताटावर बसल्यावर आठवतं. जेवायच्या टेबलाखाली बघ." मीठ तिथेच होतं. लोणचं, पापड आणि पाण्याचा तांब्याही तिथेच होता, आणि खोटं कशाला बोलू, आजही तिथेच असतो.

अशा माणसाच्या हाती संगणक पडला. त्यातून इथल्या जुन्या मराठी घरांचं आणि जवळच्या बबीना छावणीतल्या फौजी घरांचं मिळून एक जाळं उभं राहिलं. त्यात मध्ये कुणी मोठी कंपनी नाही की कुणाचं कोठार नाही. प्रत्येकाने आपल्या संगणकातलं एक कपाट उघडं ठेवायचं, आणि ज्याला जे हवं ते त्याने दुसऱ्याच्या कपाटातून सरळ उतरवून घ्यायचं. फौजी घरांच्या बदल्या झाल्या, तसं हे जाळंही त्यांच्या ट्रंकांबरोबर पठाणकोटपासून जोरहाटपर्यंत गेलं. कपाटांत काय? घरोघरी केलेली ध्वनिमुद्रणं. म्हाताऱ्यांच्या ओव्या, गणपतीतल्या आरत्या, पाककृती, मुलांचे पाढे, आणि आमच्या मंडळाच्या माजी अध्यक्षांचं पाऊण तासाचं भाषण. त्यातलं तीन चतुर्थांश आतोबांनी स्वतः घरोघरी माइक घेऊन फिरून गोळा केलेलं आहे.

त्या संगणकाच्या प्रोग्रॅमने सुरुवातीलाच चार खण देऊ केले होते: ध्वनी, चित्रं, व्हिडिओ, कागदपत्रं. आतोबा खूप नाराज झाले. "म्हणजे पत्रं पाकिटाच्या रंगावरून लावायची म्हणा की." पत्र कुणी लिहिलंय, कशावर लिहिलंय, हे लावणाऱ्याने बघायचंच नसतं, ते कुठे जायचंय तेवढं बघायचं, हे त्यांचं तत्त्व. म्हणून त्यांच्या खणांची नावं अशी: 'तापात ऐकायचं'. 'बदलीचा कागद आल्यावर', ह्यात झाशीच्या मानिक चौकातल्या बाजाराचा निव्वळ गलका आहे, दुसरं काही नाही. 'मुलांना मराठी कळतं पण बोलत नाहीत'. 'पाहुणे उठत नसतील तर', ह्यात अध्यक्षांचं भाषण.

नावाने शोधायला जाल तर ह्या कपाटात काही म्हणजे काही सापडत नाही. आम्ही पुष्कळ कुरकुर केली. पण माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, नवरानवरी उभी, आणि गुरुजींची ग्वाल्हेरहून येणारी गाडी दतियाला अडकलेली. मुहूर्त टळायला आला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात लटपटायला लागले. मी मोबाइलवर आतोबांच्या कपाटात 'मंगलाष्टक' शोधते आहे आणि काही मिळत नाही. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जिलबी खात बसलेले आतोबा तिथूनच म्हणाले, "'गुरुजी उशिरा आले तर' बघ." सहा वर्षांपूर्वी त्यांनी तो खण केला होता. गुरुजी पोचले तेव्हा पहिली पंगत उठली होती. त्या दिवसापासून मी त्यांच्या खणांना हसणं सोडलं.

साऱ्या गावाचा आवाज साठवणाऱ्या ह्या माणसाकडे आत्याचा आवाज मात्र जवळजवळ नव्हता. तिच्यापुढे माइक धरला की ती म्हणायची, "माझं काय रेकॉर्ड करायचंय? मी आहेच की घरात." नवा माइक तपासताना आतोबा एकदा 'हॅलो, एक, दोन, तीन' करत होते, तेव्हा आतून तिची हाक आली ती तेवढी त्यात पकडली गेली. "अहो, किती आवाज द्यायचे तुम्हाला? तो डिब्बा बंद करा आणि जेवायला या. वरण थंड होतंय." एवढंच.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. त्यानंतर एका रविवारी मी ती फाइल त्यांच्या पडद्यावर पाहिली. ती कुठल्याच खणात नव्हती, कपाटाच्या तळाशी सुटी पडली होती. मी विचारलं, तर म्हणाले, "ह्याचा पत्ता लागत नाही गं. ही कुणाकडे जायची ते मला सुचत नाही." ज्या माणसाला मिठाचा पत्ता सुचला होता त्याला ह्याचा सुचेना. पत्ता लिहिला नाही तर पत्र घरीच राहतं, अशी त्यांची समजूत होती. दुसरीकडे प्रत करून ठेवायचंही म्हणूनच त्यांच्या मनात आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली आणि परत आली ती एवढ्या तावातावाने, की पंखा, फ्रिज आणि आतोबांचा संगणक तिन्ही एकदम बसले. जपणुकीची दुसरी डिस्कही त्याच संगणकाला जोडलेली होती. आम्ही दोघं इलाइट चौराह्यावर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "अंकल जी, इसमें अब कुछ नहीं बचा. फोटो-वोटो थे क्या?"

"नहीं भैया," आतोबा म्हणाले, "चिट्ठियाँ थीं."

परतताना रिक्षात ते डिस्क मांडीवर धरून बसले. बाकी सगळं परत येणार हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. जाळ्याचा तोच तर फायदा होता, प्रत्येक गोष्ट कुणा ना कुणाच्या कपाटात होतीच. आम्हाला दोघांनाही एकाच फाइलची काळजी होती, आणि तिचं नाव कुणीच काढत नव्हतं.

मी नवा संगणक आणून दिला. सगळ्या घरांना निरोप गेला: आपापली कपाटं उघडी ठेवा. फाइली परत यायला लागल्या, पण लोकांनी त्या आपापल्या घरच्या रीतीने लावून टाकल्या होत्या. ओव्या एकीकडे 'सासूबाई' ह्या खणात, तर दुसरीकडे 'पोळ्या लाटताना' मध्ये. मंगलाष्टकं कुणीतरी 'न्यू फोल्डर टू' मध्ये टाकली होती, ते पाहून आतोबांना दुपारी झोप लागली नाही. जोरहाटहून अध्यक्षांचं भाषण आलं ते 'बाळाला झोपवताना' ह्या नावाखाली. आतोबांनी ते नाव दोनदा वाचलं. "हे आपल्याला का सुचलं नाही?" ते म्हणाले. आत्या गेल्यानंतर त्यांना मनापासून खूश झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दीड महिन्यात जवळजवळ सगळं भरलं. मग जाळ्यातल्या एका सुभेदारांच्या बायकोचा पठाणकोटहून फोन आला. पूर्वी त्या बबीन्याला होत्या, माहेर साताऱ्याचं. आतोबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, काही राहिलंय का अजून?"

आतोबा आलेल्या फाइली मोजायला लागले. म्हणून मीच म्हटलं, "आत्याची एक छोटी फाइल होती. पण ती कुणी उतरवून घेतली असेल असं वाटत नाही."

"काकूंची? जेवायला बोलावतात ती?" त्या म्हणाल्या. "ती तर आमच्याकडं रोज लागते. बबीन्यात असतानाच उतरवून घेतलेली. सासऱ्यांना नि ह्यांना बोलावून बोलावून माझा घसा बसायचा, आता काकू बोलावतात. दोघंही गुमान उठतात बघा."

आतोबांनी चष्मा काढला. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "पत्ता नसलेलं पत्रही जातं?"

मी त्यांना समजावलं की उघड्या कपाटातलं सगळंच सगळ्यांना दिसतं, खणात असो की नसो. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. त्यांनी फोनकडे वाकून विचारलं, "वहिनी, तुम्ही ती कुठल्या खणात ठेवलीत?"

"'पानं वाढल्यावर'. दुसरीकडं कुठं ठेवणार काका?"

"बरोबर," आतोबा म्हणाले. "अगदी बरोबर लावलीत." आणि आतल्या खोलीत जाऊन ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी इकडे पठाणकोटच्या कपाटातून ती फाइल त्यांच्या संगणकावर उतरवली, एक प्रत माझ्याकडे घेतली, एक भावाला पाठवली, आणि तेवढ्यात डोळे पुसून घेतले.

आता मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाते. वरणभात मी करते. पानं वाढली की संगणकावर 'पानं वाढल्यावर' हा खण उघडते आणि आत्या म्हणते, "अहो, किती आवाज द्यायचे तुम्हाला?" ती होती तेव्हा चार-चार हाका मारून दमायची, आणि हे बाहेरून "आलो, आलो" म्हणत तिथेच बसलेले असायचे. आता पहिल्या हाकेला उठतात, तिने सांगितल्याप्रमाणे डबा बंद करतात, आणि वरण गरम असतानाच पानावर येऊन बसतात.