सुभद्रा मेली त्या दिवशीची तपासणी

सुभद्रा मेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि कॅप्टन साहेबाची तपासणी चारला होती.

ती मेल्याचं मीच वाचून दाखवलं. सुभद्रा कादंबरीतली. पण सव्वातीनला गार्डातले चार शिपाई विहिरीवर जाऊन वर्दीनिशी आंघोळ करून आले. घरचं माणूस गेल्याचं कळलं की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही आपली रीत. पण त्यांच्या कमरेला काडतुसांचे पाऊच होते, आणि तेव्हा काडतुसं कागदाची असत.

ठिकाण अमरावती, कापसाचं आवार. अमेरिकेत लढाई लागल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव होता. मुंबईला जायच्या गठ्ठ्यांवर आमच्या पलटणीचा पहारा असे. पाच शिपाई, त्यांच्यावर एक नाईक. नाईक म्हणजे माझा नवरा. आमची खोली आवारातच होती. माझा बाप पलटणीच्या शाळेत पट्टेवाला, म्हणून मी तीन पुस्तकं शिकले होते. गार्डात दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हतं.

कादंबरी मुंबईचा एक कारकून गठ्ठ्यावर विसरून गेला. नाईकाने हुकूम दिला, "वाच." रोज दोन ते तीन वाचन. सुभद्रेचा नवरा मोहिमेवर गेलेला. ती वाट पाहते आणि पानोपानी रडते. मी म्हणायचे, हिला जात्यावर बसवा. गणपत शिपायाला ते खपत नसे. त्याला बहीण नव्हती, सुभद्रेला भाऊ नव्हता. त्याने जाहीर केलं, "आजपासून ते माही बईन." भाऊबीजेला त्याने पुस्तकावर चोळीचा खण ठेवला. खण मी घेतला.

गणपतची बहीण ती आपली, म्हणून बाकीचे तिघेही विहिरीवर गेले होते. चौघांच्या वर्दीतून पाणी गळत होतं.

"पाऊच काहून नाही काढले बे?" नाईक ओरडला.

"दुःखात ध्यान राह्यते काय?" गणपत म्हणाला. "अन् आता सुतक हाय. आमी पहाऱ्यावर उभे राहत नाही."

काडतुसं भिजवणं हा गुन्हा. पहारा नाकारणं त्याहून मोठा. शिपायांची नोकरी जाणार होती आणि नाईकाची बाहीवरची फीत. नाईकाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या संसारात त्याने माझी मदत मागितली ती एवढीच.

मी पुस्तक उघडलं. शेवटचं पान झालं होतं, पुढे नुसता पुठ्ठा. मी पुठ्ठा वाचला. "वैद्याने नाडी धरली. सुभद्रेने डोळे उघडले. म्हणाली, भूक लागली."

गणपत जवळ आला. "वैनी, खरं वाचून राह्यल्या ना?"

"मंग का मनचं सांगून राह्यली?"

"मघाशी तं मेली म्हणे."

"तुमी पान उलटू देल्लं काय? पयले विहिरीवर पळाले."

"हे तं खरं हाय," गणपत म्हणाला. सुतक फिटलं. चौघे पहाऱ्यावर उभे राहिले. पाणी गळतच होतं.

चारला साहेब घोड्यावरून आला. फाटकावर पाचवा शिपाई, शेख चांद. रडला तोही होता, पण त्यांच्यात ही रीत नाही, म्हणून कोरडा.

"ये क्या है?" साहेबाने विचारलं.

शेख चांदने सलामी ठोकली. "आग बुझाने की कवायद, हुजूर!"

कापसाच्या आवारात आगीचीच धास्ती. साहेब खूश झाला. मग त्याने गणपतचा पाऊच उघडून एक काडतूस दोन बोटांत दाबलं. लगदा झाला.

"अगली बार पाऊच उतारो."

चौघांना आठ दिवस जादा कवायत. नाईकाची फीत राहिली.

माझी शिक्षा लांबली. मला रोज पुठ्ठा वाचावा लागला. माझी अक्कल बेताची. मी सुभद्रेचा नवरा परत आणला, पातूरजवळ काळी जमीन दिली, तीन मुलं दिली. रडायला सवडच ठेवली नाही. थोरल्याला आपलं नाव पाहिजे, असा गणपतचा हट्ट. दिलं.

गणपत पटकीने गेला. शेख चांद पेन्शनीवर अकोल्यात वारला. बाकीचे तिघे कुठे कुठे वारले, त्यांच्या बातम्या आल्या. नाईक मागच्या वर्षी गेला. शेवटच्या दुखण्यात त्याने विचारलं, "सुभद्रा कशी हाय?"

"बरी हाय."

"पुठ्ठा बेस वाचला व तू," तो म्हणाला.

त्या गार्डातली आता मी एकटी जिवंत आहे.